निरीक्षण, अनुमान आणि पांढरी भुकटी

रसायनशास्त्र शाळेत कशासाठी शिकवले जाते, या प्रश्नाचे सविस्तर उत्तर पाठ्यपुस्तकाच्या प्रस्तावनेत दिलेले असते. परंतु प्रस्तावनेवर परीक्षेत प्रश्न येत नसल्यामुळे ती वाचण्याची प्रथा नाही, आणि म्हणून ते उत्तर आजतागायत गुप्त राहिले आहे. पालकवर्गात प्रचलित असलेले उत्तर त्याहून आटोपशीर आहे. पीसीएम आणि पीसीबी, म्हणजे अभियांत्रिकीकडे नेणारा आणि वैद्यकाकडे नेणारा असे जे दोन विषयगट अकरावीच्या दारात उभे असतात, त्या दोहोंतही मधले ‘सी’ रसायनशास्त्राचे असल्यामुळे ते टाळता येत नाही, एवढीच त्याची थोरवी मानली जाते. गणिताची बाजू घेणारे काका आणि जीवशास्त्राची बाजू घेणारी आत्या घराघरांत आढळतात. रसायनशास्त्राची बाजू घेणारा नातेवाईक मात्र सहसा आढळत नाही, आणि दोन्ही घरचा पाहुणा उपाशी या न्यायाने तो विषय अभ्यासाच्या वेळापत्रकात रात्री साडेदहानंतरच्या, जांभयांसाठी राखून ठेवलेल्या तासाला जाऊन बसतो.

विषयाचा लेखी भाग ७० गुणांचा असला तरी त्याच्या मूल्यमापनात फार वेळ घालवण्याचे कारण नाही. त्यात मोल नावाची संकल्पना येते. मोल म्हणजे पदार्थाच्या कणांची मोजणी करण्याचे एक माप असून एका मोलमध्ये ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण असतात, आणि ही संख्या दशांश चिन्हासह ज्या वयात तोंडपाठ होते, त्याच वयात वाण्याने परत दिलेले सुटे पैसे मोजून घेण्याची सवय मात्र लागलेली नसते. त्यात आवर्तसारणीही येते. मेंदेलेव्हने १८६९ मध्ये मूलद्रव्यांच्या गुणधर्मांतील पुनरावृत्ती ओळखून ती मांडली, आणि ज्या क्रमामागचे कारण समजावे म्हणून हा खटाटोप झाला, तो क्रम कारण न समजता लक्षात ठेवण्याच्या युक्त्या पुढच्या पिढ्यांनी शोधल्या. दुसऱ्या गणातील बेरिलियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम आणि रेडियम ही सहा मूलद्रव्ये ‘बेटा मांगे कार स्कूटर बाप राजी’ या सूत्रात बसवलेली आहेत. मुलाने गाडी मागावी आणि बापाने तत्काळ राजी व्हावे, ही घटना मराठी मध्यमवर्गाच्या अनुभवकक्षेत नसल्यामुळेच बहुधा हे सूत्र मराठीत न येता हिंदीतच राहिले असावे. सूत्रातला ‘राजी’ हा शब्द ज्या रेडियमच्या वाट्याला आला आहे, ते मूलद्रव्य किरणोत्सारी, म्हणजे आतल्या आत धुमसत राहून आजूबाजूच्यांना अपाय करणारे आहे, ही गोष्ट बापाच्या स्वभावचित्रणाच्या दृष्टीने अभ्यासकांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

शालेय रसायनशास्त्राचे खरे मोल उरलेल्या ३० गुणांत, म्हणजे प्रात्यक्षिकात, आणि त्यातही ‘सॉल्ट ॲनालिसिस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विधीत साठलेले आहे. क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून तयार होणारा पदार्थ. त्याचा एक भाग धनप्रभारित आयन असतो व दुसरा ऋणप्रभारित, आणि चिमूटभर भुकटीवरून हे दोन्ही भाग कोणते ते सांगायचे, असे या विधीचे स्वरूप आहे. भुकटी बहुधा पांढरी असते. मीठ, पिठीसाखर, खाण्याचा सोडा आणि तुरटीची पूड यांत जितका दृश्य भेद असतो तितकाच या भुकट्यांत असतो, आणि इतर विषयांत मास्तर जे सांगतात तेच विद्यार्थ्याने परत सांगायचे असते, तर येथे मास्तरांना जे ठाऊक आहे ते त्यांनी न सांगता विद्यार्थ्याने भुकटीकडून काढून घ्यायचे असते. एखाद्या वस्तूलाच प्रश्न विचारण्याचा हा प्रसंग शालेय जीवनात पहिला आणि बहुतेकांच्या आयुष्यात शेवटचा असतो.

या पद्धतशीर चौकशीला घोटीव रूप देणाऱ्यांत कार्ल रेमिगियस फ्रेझेनियस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचे नाव अग्रभागी आहे. गुणात्मक विश्लेषणावरचे, म्हणजे पदार्थात काय आहे ते ओळखण्याच्या शास्त्रावरचे, त्याचे पुस्तक १८४१ मध्ये निघाले तेव्हा त्याने वयाची पंचविशीही गाठलेली नव्हती. एका तरुण विद्यार्थ्याच्या नेटक्या कामाची शिक्षा पावणेदोनशेहून अधिक वर्षे इतर विद्यार्थी भोगत आहेत, असे याचे वर्णन काही जण करतील. पण त्या पद्धतीतली चतुराई नाकारता येत नाही. धन आयनांचे शून्य ते सहा असे गट पाडलेले असतात. भुकटीच्या द्रावणात प्रथम विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचे. अवक्षेप, म्हणजे द्रावणातून वेगळा होऊन खाली बसणारा न विरघळणारा साका, दिसला तर पहिला गट, म्हणजे शिसे. नाही दिसला तर त्याच आम्लयुक्त द्रावणात हायड्रोजन सल्फाइड वायू सोडायचा आणि दुसऱ्या गटाची, म्हणजे तांबे वगैरेंची, वाट पाहायची. तोही नाही तर अमोनियम क्लोराइड आणि अमोनियम हायड्रॉक्साइड घालून तिसरा. तिथे लोखंड तांबूस-तपकिरी आणि ॲल्युमिनियम पांढरे, चिकट, खळीसारखे अवतरते. अशा पायऱ्या उतरत सहाव्या गटातल्या एकट्या मॅग्नेशियमपर्यंत जायचे असते.

या उतरणीत एक असे तत्त्व दडलेले आहे की ज्याची दखल शिक्षणशास्त्राने अद्याप पुरेशी घेतलेली नाही. प्रत्येक पायरीवर काही न घडल्यास जर्नलमध्ये, म्हणजे प्रयोगवहीत, ‘निरीक्षण’ या रकान्यात ‘अवक्षेप नाही’ आणि ‘अनुमान’ या रकान्यात ‘गट अनुपस्थित’ असे लिहावे लागते, आणि असे लिहिल्याबद्दल गुण मिळतात. इतिहासाच्या पेपरात काहीच आठवले नाही असे प्रामाणिकपणे नोंदवणाऱ्याला भोपळा मिळतो. भाषेच्या पेपरात निबंध सुचला नाही हे निरीक्षण कितीही अचूक असले तरी ग्राह्य धरले जात नाही. काही घडले नाही हीदेखील एक माहिती आहे, आणि ती वेळच्या वेळी लिहून ठेवल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाता येत नाही, हे सांगणारा अभ्यासक्रमातला हा एकच रकाना आहे.

अर्थात विद्यार्थी या रकान्याचा उपयोग अभ्यासक्रमाला अभिप्रेत असलेल्या दिशेने करतोच असे नाही. भुकटी रंगीत निघाली तर तो नशीबवान समजला जातो, कारण निळी म्हणजे तांबे, हिरवी म्हणजे बहुधा निकेल, गुलाबी म्हणजे कोबाल्ट, एवढे ज्ञान वरच्या वर्गाकडून वारसाहक्काने आलेले असते. भुकटी पांढरी असेल तर मात्र प्रयोगशाळेत एक समांतर चौकशीयंत्रणा कामाला लागते. ‘तुझा कितवा ग्रुप आला?’, ‘पीपीटी आला का?’ अशी कुजबूज टेबलाखालून सुरू होते. पीपीटी म्हणजे अवक्षेपाच्या इंग्रजी नावाचा संक्षेप, संगणकावरच्या सादरीकरणाशी त्याचा संबंध नाही, जरी दोन्हींची वाट पाहताना सारखाच घाम फुटत असला तरी. किपच्या उपकरणातून, म्हणजे आयर्न सल्फाइडवर विरल आम्ल पडून हवा तेव्हा हायड्रोजन सल्फाइड देणाऱ्या तीन फुगे एकावर एक बसवलेल्या काचपात्रातून, सुटणाऱ्या सडक्या अंड्यांच्या वासाने मजल्यावरचे इतर वर्ग हैराण झालेले असतात, पण त्या वासातही विद्यार्थ्याचे लक्ष प्रयोगशाळा परिचराच्या चेहऱ्यावर असते. सकाळी बाटल्यांतून पुड्या भरणारा तोच. तेव्हा सत्य त्याला ठाऊक असते. ‘झिंक आहे का हो, मामा?’ या प्रश्नावर मामांनी केवळ खाकरणे, खिडकीबाहेर पाहणे किंवा ‘करून बघ की’ म्हणणे यांतून जी अनुमाने काढली जातात, ती फ्रेझेनियसच्या कोणत्याही पायरीपेक्षा सूक्ष्म असतात. एकदा क्षार कळला की उलट्या क्रमाने निरीक्षणे लिहून काढणे हे हस्ताक्षराचे काम उरते. अनुमापनातही, म्हणजे ब्युरेटमधून थेंबथेंब द्रावण सोडून तीव्रता काढण्याच्या प्रयोगातही, हीच रीत आहे. तीन वाचने जुळली की त्याला ‘सीबीआर’ मिळाला असे म्हणतात, आणि १०.२, १०.२, १०.२ असा तिहेरी योग निसर्गात जितका दुर्मीळ तितकाच तो जर्नलमध्ये सार्वत्रिक आहे.

तरीही एक चाचणी अशी आहे की जी मामांच्या खाकरण्यावर भागत नाही, कारण ती परीक्षकाला प्रत्यक्ष दाखवावी लागते. नायट्रेट ओळखण्यासाठी द्रावणात ताजे फेरस सल्फेट मिसळून परीक्षानळी तिरकी धरायची आणि तिच्या आतल्या भिंतीवरून संहत, म्हणजे पाणी न घातलेले तीव्र, सल्फ्युरिक आम्ल इतके हळू सोडायचे की ते तळाशी जाऊन वेगळा थर करील; मग दोन थरांच्या सांध्यावर एक तपकिरी कडे उमटते. हात थोडा हलला, आम्ल घाईने ओतले गेले किंवा फेरस सल्फेट कालचे असले की कडे उमटत नाही, आणि उमटलेले कडेही नळी हलवल्यास विरून जाते. ‘सर, रिंग!’ अशी हाक देऊन दोन बोटांत नळी धरून उभा राहिलेला, श्वाससुद्धा जपून घेणारा विद्यार्थी आणि पलीकडच्या टेबलावर तोंडी परीक्षेत कोणाला तरी संयुजेची व्याख्या विचारत रेंगाळलेले परीक्षक, हे दृश्य संयमाच्या शिक्षणाचा आदर्श नमुना म्हणून बालमानसशास्त्राच्या ग्रंथांत जायला हवे होते.

या कड्याला आणि त्याच्यासारख्या इतर चाचण्यांना ‘कन्फर्मेटरी टेस्ट’, म्हणजे निश्चितीची चाचणी, असे नाव आहे. प्राथमिक चाचणीने केवळ संशय घ्यायचा असतो. संशय खरा की खोटा ते निश्चितीची चाचणी ठरवते, आणि ती केल्याशिवाय क्षाराचे नाव लिहायचे नसते. प्रयोगशाळेतून विद्यार्थी अशा प्रकारे दोन विद्या घेऊन बाहेर पडतो: पुरावा पाहून उत्तर काढण्याची एक, आणि उत्तर कळल्यावर पुरावा जुळवण्याची दुसरी. बारावीनंतर पहिली जर्नलसोबत रद्दीत जाते. दुसरी मात्र घरात, कचेरीत, निवडणुकीच्या गप्पांत आणि विवाह जुळवण्याच्या बैठकीत आजन्म उपयोगी पडते, आणि तिच्या अभ्यासकांत विज्ञान शाखेचे पदवीधर कोणत्याही प्रकारे मागे नसतात.

याचे प्रत्यंतर हळदीच्या चलच्चित्रात येते. कौटुंबिक गटांवर अधूनमधून फिरणाऱ्या या चित्रफितीत हळदीच्या द्रावणात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले जातात, पिवळा रंग गुलाबी-जांभळा होतो आणि वाण्याने मेटॅनिल यलो हा कृत्रिम, खाण्यास मनाई असलेला रंग मिसळला असल्याचे जाहीर होते. वस्तुस्थिती अशी की तीव्र आम्लात निखळ हळददेखील रंग बदलते. चाचणीचा पुढचा अर्धा भाग पाण्याचा आहे: त्यात पाणी घालून पातळ केल्यावर रंग नाहीसा झाला तर ती हळदीची करामत, आणि टिकून राहिला तर मेटॅनिल यलोची. चित्रफीत नेमकी पाणी घालण्याआधी संपते. साबण लागताच वरणाचा डाग लाल होतो हे ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाहिले गेले आहे, आणि ज्या महाराष्ट्रात हळदीला चुना लावून कुंकू करण्याचा उद्योग पंढरपूरला नावारूपाला आला, तिथे हळद रंग बदलते याचे आश्चर्य वाटावे, हेच मुळात आश्चर्य आहे. परंतु वाण्यावरचा राग जुना असतो आणि निश्चितीच्या चाचणीने तो विरण्याचा धोका असतो, म्हणून पाण्याचा पेला कोणी आणत नाही.

पाण्याचा पेला आणणारी माणसे मराठी समाजात झालीच नाहीत असे नव्हे. कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या भागवत, यांनी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र घेऊन पदवी मिळवली. स्त्री म्हणून बंगळूरच्या संस्थेत प्रवेश नाकारणाऱ्या सी. व्ही. रामन यांच्यापुढे ठाण मांडून तो मिळवला आणि १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. उत्तरायुष्यात त्या ग्राहक चळवळीत शिरल्या आणि अन्नातली भेसळ ओळखण्याच्या कामाला त्यांनी आपले शास्त्र जुंपले. प्रवेश नाकारण्यामागे रामन यांचे जे अनुमान होते, त्याला निरीक्षणाचा आधार नव्हता, हे बाईंनी त्यांच्याच संस्थेत काम करून दाखवले, आणि पुढे रामन यांनी स्त्रियांना प्रवेश द्यायला सुरुवात केली. गट अनुपस्थित असल्याचे लिहिण्यापूर्वी अभिकारक तरी घालून पाहावा, ही शिस्त नोबेल पारितोषिकाबरोबर आपोआप येत नाही.

आंब्याच्या मोसमात या शिस्तीची विशेष चणचण भासते. ‘यात केमिकल नाही ना?’ हा प्रश्न पेटीवर वाकून विचारणाऱ्या ग्राहकाला विक्रेता ‘नाही हो साहेब, अढीतला आहे’ असे सांगतो, आणि दोघेही समाधान पावतात. अढी म्हणजे पेंढ्यात किंवा गवतात थर लावून आंबे पिकत घालण्याची रीत. आणि त्या उबेत आंबा पिकतो तो स्वतःच सोडत असलेल्या इथिलीन नावाच्या वायूमुळे, जे एक अस्सल रसायन आहे. पिकवणीच्या खोल्यांत बाहेरून तोच वायू दिला जातो व ठरावीक मर्यादेत त्याला कायद्याची परवानगी आहे. बंदी आहे ती कॅल्शियम कार्बाइडला. ओलाव्याशी संयोग होऊन त्यातून ॲसिटिलीन निघतो आणि त्यासोबत आर्सेनिक व फॉस्फरस यांचे घातक अंश येऊ शकतात. तेव्हा विचारायचा प्रश्न रसायन आहे का हा नसून कोणते, हा आहे. पण तो विचारायला सॉल्ट ॲनालिसिसची आठवण लागते, आणि घासाघीस करताना ती होत नाही.

या पार्श्वभूमीवर निश्चितीच्या चाचणीचा सर्वांत निष्ठावान उपासक शोधायचा झाल्यास नाशिक किंवा सांगलीकडच्या द्राक्षबागेत जावे लागते. पानांवर पडणाऱ्या केवडा नावाच्या बुरशीसाठी, जिला बागाईतदार ‘डाउनी’ म्हणून ओळखतो आणि तिच्या नावाने बोटे मोडतो, तिथे बोर्डो मिश्रण फवारले जाते. या मिश्रणाचा शोध फ्रान्समधल्या बोर्दोच्या परिसरातला असून त्याचे श्रेय काही अंशी द्राक्षचोरांना द्यावे लागते. रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षे वाटसरू तोडून खात, म्हणून ती विषारी दिसावीत या हेतूने मालकांनी त्यांवर मोरचूद आणि चुना यांचे निळसर मिश्रण शिंपडले. त्या वेलींना बुरशी लागत नाही हे मियार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या नजरेस आले, आणि १८८५ मध्ये त्याने हा उपाय प्रसिद्ध केला. एक टक्क्याच्या मिश्रणासाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी लागते. चुना कमी पडला तर मोकळे राहिलेले तांबे पाने जाळते. म्हणून बागाईतदार घासून चकचकीत केलेले विळ्याचे पाते मिश्रणात मिनिटभर बुडवून बाहेर काढतो आणि उन्हात उलटसुलट करून पाहतो. पात्यावर तांबूस झाक आली तर लोखंडाने तांब्याला द्रावणातून बाहेर काढले, म्हणजेच पाठ्यपुस्तकात जिला विस्थापन अभिक्रिया म्हणतात ती घडली. मग चुन्याची आणखी निवळी घालायची आणि पाते पुन्हा घासून पुन्हा बुडवायचे. झाक नसेल तर फवारणीला सुरुवात. वर्षभराचे पीक पणाला लागलेले असल्यामुळे येथे आधी उत्तर लिहून मागाहून पाते बुडवण्याची प्रथा पडलेली नाही.

शहरी सदनिकेत मात्र पाते नसून विक्रेता असतो. पाणी शुद्ध करणारे यंत्र विकायला आलेला हा गृहस्थ दोन पेले मागतो. एकात नळाचे पाणी, दुसऱ्यात आपल्या यंत्रातले. मग विजेला जोडलेल्या दोन-दोन सळया दोन्ही पेल्यांत सोडतो. काही मिनिटांतच नळाच्या पाण्यात तांबूस-तपकिरी, शेवाळी असा किळसवाणा गाळ उसळून येतो, यंत्रातले पाणी मात्र स्फटिकासारखे राहते, आणि विक्रेता हलक्या आवाजात ‘हे तुमची मुलं रोज पितात’ असे म्हणतो. घरातले दोन्ही पालक बहुधा बी.एस्सी. असतात. वास्तविक हा गाळ तिसऱ्या गटातला त्यांचा जुना परिचित, लोखंडाचा हायड्रॉक्साइड असून तो पाण्यातला नव्हे तर विक्रेत्याच्या स्वतःच्या सळईतला आहे. नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार असल्याने त्यातून वीज वाहते व सळई झिजते, यंत्राच्या पाण्यात क्षार फारच थोडे असल्याने वीज जवळजवळ वाहत नाही, एवढाच दोन्ही पेल्यांतला फरक. निश्चितीची चाचणी स्वयंपाकघरात तयार असते: यंत्राच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून सळया पुन्हा सोडल्या की तिथेही तोच गाळ उठतो. क्वचित एखाद्या घरी अकरावीतला मुलगा मिठाची बरणी घेऊन येतो आणि हे करून दाखवतो. अशा वेळी विक्रेता सळया पुसून पिशवीत ठेवतो, आई मुलाला पाहुण्यांसमोर असला आगाऊपणा करू नये असे बजावून आत पाठवते, आणि वडील यंत्राचा पहिला हप्ता भरतात, कारण सोबत मिक्सर फुकट असतो.